‘हनीकोम’ चॉकलेटसाठी मराठी शब्द

प्रश्न असा आहे. मेलबर्न येथे राहणाऱ्या एक वाचक भगिनी तेथील मराठी मंडळींच्या अंकासाठी एक छोटी बातमी मराठीत लिहीत आहेत. तेथे आज पन्नाशीत असलेल्यांनी लहानपणी खाल्लेले आणि मधल्या काळात दुकानांतून नाहीसे झालेले एक ‘चॉकलेट हनीकोम’ सुपरमार्केटमध्ये पुन्हा मिळू लागले आहे, अशी ती बातमी. त्यांनी पहिल्या मसुद्याला ‘चॉकलेटयुक्त मधाच्या पोळ्याचे पुनरागमन’ असा मथळा दिला आणि तो वाचून घरातली माणसे हसू लागली. ‘हनीकोम’ला नेमका मराठी शब्द कोणता, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. पदार्थाचे नाव म्हणून ‘हनीकोम’ तसेच राहू द्यावे, त्याचे वर्णन करताना ‘जाळीदार’ हे विशेषण वापरावे आणि ‘पोळे’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळावा. शब्दकोशाच्या हिशेबाने पाहिले तर त्या मथळ्यातला एकही शब्द चुकलेला नाही; चूक आहे ती पदार्थाकडे न पाहता नुसत्या नावाचे भाषांतर केल्याची.

म्हणून आधी पदार्थ पाहू. घरगुती कृतीत साधारण २०० ग्रॅम साखर आणि ५ मोठे चमचे गोल्डन सिरप एकत्र आटवतात. गोल्डन सिरप म्हणजे साखर शुद्ध करताना मिळणारा सोनेरी, दाट पाक. आपल्या काकवीचा अधिक निवळ आणि सौम्य भाऊबंद म्हटले तरी चालेल. हा पाक सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे थंड पाण्यात टाकलेला थेंब टचकन तुटेल इतका, चढवतात. मग भांडे आचेवरून उतरवून त्यात २ लहान चमचे खाण्याचा सोडा घालून झटपट ढवळतात. उष्णतेने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाक फसफसून पिवळसर फेसाच्या रूपाने भांड्याच्या काठापर्यंत येतो आणि तो तसाच तूप लावलेल्या ताटात ओततात. या क्षणी पुन्हा ढवळण्याचा मोह झाला तर बुडबुडे फुटतात आणि हाती साधी टणक टॉफी लागते. न ढवळता थंड होऊ दिला तर बुडबुडे जागच्या जागी गोठतात, आणि वडी मोडल्यावर आत दिसतात ती लहानमोठी, वाटोळी, कशीही पसरलेली छिद्रे.

या सगळ्यात मध कोठेच नाही. काही जण हौसेने घालतात, पण मधावाचून या पदार्थाचे काहीही अडत नाही. गंमत अशी की गोल्डन सिरपच्या लंडनमध्ये तयार होणाऱ्या ज्या डब्याची इंग्रजी घरांना १८८० च्या दशकापासून सवय आहे, त्याच्या जुन्या चित्रात मेलेल्या सिंहाभोवती मधमाश्यांचा थवा आहे. ती बायबलमधल्या सॅमसनच्या कथेची खूण आहे, आणि मध त्या डब्यातही नाही.

इंग्रजी भाषकाने या छिद्रांना मधाच्या पोळ्याची उपमा दिली. तीही सैलच आहे, कारण मधमाशीचे घर षट्कोनी आणि रेखीव असते, तर येथे सगळा अनियमित कारभार. शिवाय या उपमेवर इंग्रजी बोलणाऱ्यांचेही एकमत नाही. उत्तर इंग्लंडमध्ये याच पदार्थाला ‘सिंडर टॉफी’ म्हणतात, म्हणजे निखारा विझल्यावर उरणाऱ्या सच्छिद्र कोळशासारखी टॉफी. स्कॉटलंडमध्ये ती ‘पफ कँडी’ आहे, कॅनडात ‘स्पंज टॉफी’, अमेरिकेत काही ठिकाणी ‘सी फोम’ म्हणजे समुद्राचा फेस, तर न्यूझीलंडमध्ये ‘होकी पोकी’. त्या ‘होकी पोकी’चे तुकडे घातलेले व्हॅनिला आइस्क्रीम तेथे घरोघरी खाल्ले जाते. उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्टअखेरीस बॅलिकासल येथे भरणाऱ्या जुन्या जत्रेत याच कुळातली ‘यलोमॅन’ विकली जाते. कोळसा, स्पंज, फेस अशी ज्याला जी उपमा जवळची वाटली ती त्याने घेतली. मग मराठीनेच ‘हनी’ आणि ‘कोम’ यांच्याशी इमान राखून अडून का बसावे?

उत्पादकांनी तर पोळ्याचे नाव मुख्य नावात घेतलेलेच नाही. प्रश्नकर्त्या ज्या शहरात राहतात त्याच मेलबर्नमध्ये एबेल होडली यांच्या कंपनीने १९१३ मध्ये ‘व्हायोलेट क्रंबल’ आणले. होडलींना नुसते ‘क्रंबल’ हे नाव हवे होते, परंतु ते एकट्याने नोंदवता येईना, म्हणून पत्नीच्या आवडत्या फुलाचे नाव पुढे जोडले, असे सांगतात. जांभळे वेष्टन त्यातूनच आले. ही मालकी पुढे नेस्लेकडे गेली आणि २०१८ मध्ये ॲडलेडच्या रॉबर्न मेंझ या कंपनीने ती विकत घेऊन पुन्हा ऑस्ट्रेलियात आणली. इंग्लंडमध्ये फ्राय कंपनीने १९२९ मध्ये ‘क्रंची’ काढले, तेच आज कॅडबरीच्या नावाने विकले जाते. एका नावात चुरा होणे आहे, दुसऱ्यात दाताखालचा आवाज. पदार्थ कशासारखा दिसतो यापेक्षा तो कसा मोडतो, हे विकणाऱ्यांना अधिक महत्त्वाचे वाटलेले दिसते.

आता ‘पोळे’ का नको ते सांगतो. मराठीत ‘मोहोळ’ आणि ‘पोळे’ हे दोन शब्द बोलताना एकमेकांच्या जागी येतात, पण ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारी चित्रे वेगळी असतात. मोहोळ म्हटले की माश्यांसकट सगळा संसार डोळ्यांपुढे येतो. आग्या मोहोळ उठते, ते माणसाच्या मागे लागते. (बातमी लहानपणाच्या खाऊची आहे म्हणून ‘आठवणींचे मोहोळ उठले’ असे लिहिण्याचा मोह होईल. तो आवरावा, वर्तमानपत्रांनी त्या मोहोळात आता मध ठेवलेला नाही.) पोळे म्हणजे मेणाची वस्तू, आणि आपल्याकडे ती पिळण्याची वस्तू आहे. पेटीतल्या चौकटी काढून यंत्राने मध काढण्याची पद्धत रुळण्यापूर्वी सातेरी किंवा आग्या माशीचे पोळे कापून ते पिळूनच मध काढत, आणि रानात अजूनही काही ठिकाणी तसाच काढतात. मराठी वाचकाला ‘मधाचे पोळे’ वाचल्यावर ओल, चिकटपणा आणि मेणाचा चोथा आठवतो. प्रस्तुत पदार्थ अगदी उलट, म्हणजे कोरडा, हलका आणि ठिसूळ आहे.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. ऑस्ट्रेलियात काय किंवा इंग्लंडमध्ये काय, खरेखुरे मधाचे पोळे चौकोनी कापून, डबीत भरून सुपरमार्केटमध्ये विकले जाते. ‘मधाचे पोळे सुपरमार्केटमध्ये आले’ या वाक्याचा सरळ अर्थ तोच होतो आणि त्यावर चॉकलेट ओतल्याने गोंधळ वाढतो. तिसरी अडचण आपल्याच वाचकांची आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या मराठीभाषक जैन कुटुंबांत मध वर्ज्य मानला जातो. ज्या खाऊत बहुधा मध नसतोच, तो केवळ आपण केलेल्या भाषांतरामुळे एखाद्या घरी नाकारला जावा, हे बरे नव्हे.

व्याकरणही येथे साथ देत नाही. ‘केळे’चे अनेकवचन जसे ‘केळी’, तसे ‘पोळे’चे अनेकवचन ‘पोळी’. म्हणजे दोन-चार वड्यांबद्दल शुद्ध मराठीत लिहायचे तर ‘चॉकलेट लावलेली मधाची पोळी’ असे लिहावे लागेल, आणि वाचणारा तुपाची वाटी शोधू लागेल. ‘पोळ्याचे चॉकलेट’ म्हणावे तर श्रावणी अमावास्येचा पोळा आठवतो. घरच्या लोकांना हसू आले त्यात त्यांचा दोष नाही.

‘जाळी’ हा शब्द यातून सोडवतो, आणि तो नव्याने घडवायचीही गरज नाही, कारण तो स्वयंपाकघरात रोज वापरला जातो. आंबोळीला जाळी पडते, घावनाला पडते, ढोकळ्याला पडते. अनारशाची तर सगळी परीक्षाच जाळीवर असते. तांदूळ तीन दिवस भिजवून, पीठ गुळात मुरवून, खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडला की कडेपासून जाळी धरत जाते; पीठ बिघडलेले असेल तर तो तुपात विस्कटतो आणि मग अनारसा ‘हसला’ असे म्हणतात. म्हैसूरपाकाच्या वडीत उकळते तूप थोडे थोडे ओतताना जी छिद्रे तयार होतात, त्यांनाही जाळीच म्हणतात. आंबोळीत पीठ आंबल्यामुळे, ढोकळ्यात सोड्यामुळे, म्हैसूरपाकात गरम तुपामुळे अशी कारणे निरनिराळी असली तरी शब्द एकच, कारण तो पाहणाऱ्याने दिलेला आहे. शिवाय तो कौतुकाचा शब्द आहे. ‘सच्छिद्र’ म्हटले की शाळेतला विज्ञानाचा धडा आठवतो. ‘छान जाळी पडली आहे’ म्हटले की हात पुढे होतो. आणि हे केवळ पाकशास्त्रापुरते नाही. विटांमध्ये मोकळ्या जागा सोडून बांधलेल्या ज्या भिंतीला इंग्रजीत पोळ्याची उपमा देतात, तिला आपल्याकडचे गवंडी विटांची जाळीच म्हणतात.

‘जाळीची टॉफी’ आणि ‘जाळीदार टॉफी’ यांपैकी मी दुसरी निवडीन. ‘जाळी’ला खिडकीची जाळी, करवंदांची जाळी असे इतरही अर्थ आहेत, त्यामुळे ‘जाळीची’ म्हटल्यावर टॉफीला बाहेरून जाळीचा आकार दिला आहे असा समज होऊ शकतो. ‘जाळीदार’ म्हटले की जाळी आतली आहे हे कळते.

बातमीत चवीचे वर्णन येणारच, म्हणून त्याविषयीही थोडे. इंग्रजीतल्या ‘क्रंची’ला डोळे मिटून ‘कुरकुरीत’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, परंतु कुरकुरीत असतात चकली आणि पापड, ज्यांचा आवाज चावत राहिले तरी काही वेळ टिकतो. खुसखुशीत असते शंकरपाळी, कारण तिच्यात मोहन आहे. हनीकोम यांपैकी कशातच बसत नाही. ते दाताखाली पहिल्यांदा काचेसारखे तडकते आणि लगेच जिभेवर विरघळू लागते, दाढेला किंचित चिकटते. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जातो तो बत्तासा, कारण तोही पाकात हवा कोंडूनच केलेला असतो. फक्त बत्ताशाचा पाक तांबूस होऊ देत नाहीत, त्यामुळे त्याला करपट-गोड कॅरॅमलची चव नसते. म्हणून ‘ठिसूळ’ आणि ‘तोंडात विरघळणारी’ ही साधी विशेषणे येथे अधिक खरी आहेत.

‘चॉकलेट’ हा शब्दही सांभाळून वापरावा लागेल. वाढदिवसाला वर्गात वाटली जाणारी कागदात गुंडाळलेली कोणतीही गोळी मराठी मुलांच्या लेखी चॉकलेटच असते, मग तिच्यात कोको असो वा नसो. या पदार्थात मात्र चॉकलेटला नेमून दिलेले काम आहे. जाळीदार टॉफी हवेतला ओलावा फार लवकर ओढून घेते आणि काही तासांत चिकट होते. चॉकलेटचा थर तो ओलावा बाहेर ठेवतो. म्हणून ‘चॉकलेटयुक्त’ असे मोघम न लिहिता ‘चॉकलेटचे कवच असलेली’ असे लिहावे.

लिप्यंतराबद्दल एक सूचना. इंग्रजी शब्दातला शेवटचा ‘ब’ उच्चारला जात नाही, तरी सवयीने ‘हनीकोंब’ असे लिहिलेले दिसते. मराठीत कोंब मटकीला येतात. ‘हनीकोम’ हेच उच्चाराला धरून आहे आणि त्यात अर्थाची भेसळही होत नाही. लिंग नपुंसक मानावे, म्हणजे ‘ते हनीकोम’. ‘टॉफी’ जोडल्यास अर्थातच स्त्रीलिंग.

राहिला मथळा. ‘नॉस्टॅल्जिया’ला मराठीत ‘स्मरणरंजन’ हा चांगला शब्द रुळला आहे, पण तो निबंधात शोभतो. खाऊच्या मागे विशेषण म्हणून लावायला ‘लहानपणीचे’ पुरते. ‘पुनरागमन’ गणपतीला निरोप देताना मंत्रात म्हणावे, एखादा वीर मैदानात परतला तर क्रीडा पानावर छापावे. टॉफीच्या वडीला ते पेलत नाही. एखादी वस्तू दुकानात येते-जाते तेव्हा मराठीत ती ‘मिळते’ किंवा ‘मिळेनाशी होते’. तेव्हा मथळा असा करता येईल: ‘लहानपणीचे हनीकोम पुन्हा मिळू लागले’. त्याखालच्या पहिल्या वाक्यात ‘चॉकलेटचे कवच असलेली ही जाळीदार, ठिसूळ टॉफी’ अशी ओळख द्यावी. त्यात मध नाही, असेही सांगावे. मात्र ते वेष्टनावरचे घटक वाचून खात्री केल्यावरच, कारण काही उत्पादनांत मध किंवा जिलेटिन घातलेले असते.