युद्धावरून परतलेल्या भावाला पुन्हा घरात कसं रुळवायचं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ परत येऊन दीड वर्ष झालं, तीन नोकऱ्या सुटल्या, रात्रभर जागा असतो, आणि घरचे म्हणतात, "झालं गेलं विसर आता." ताई, माझे यजमान परतले तेव्हा आमच्याकडेही हेच होतं.

मला वाटायचं, यांचा माझ्यावरच राग आहे. बसायचे ते पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करून. एकदा मी झोपेत खांदा हलवला, तर त्यांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की आठवडाभर वळ होते. डोळे उघडे, पण समोर मी नव्हतेच. भानावर आल्यावर हे ढसाढसा रडले, आणि कित्येक दिवस दुसऱ्या खोलीत झोपले. तेव्हापासून मी पायथ्याशी उभी राहून लांबूनच हाक मारते. तुम्हीही तसंच करा.

हा तिरसटपणा नाही हो. ज्या सावधपणाने तिथे जीव वाचवला, तो घराचा उंबरा ओलांडला म्हणून उतरत नाही. पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणायचे, १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी त्यावर लिहिलं. तरी कितीतरी सैनिकांवर भेकडपणाचा शिक्का बसला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे नाव यायला १९८० उजाडलं.

आघातावर काम करणारा तज्ज्ञ शोधा. 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' या उपचारात टाळलेली आठवण सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा सांगायची असते, हळूहळू तिची धार कमी होते. ते काम तज्ज्ञाचं. घरी तुम्ही "तिथे काय पाहिलंस?" म्हणून खोदून विचारू नका. यांच्या मनात भीतीपेक्षा 'सोबती गेला, मी का राहिलो' हेच जास्त होतं, आणि ते मला चौथ्या वर्षी कळलं. झोपेसाठी दारू घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दारूने डोळा लवकर लागतो, पण नंतर झोप मोडते.

नोकरीचं म्हणाल, तर पगार हा मुद्दा नसतो. तिथे प्रत्येक तासाला काम होतं आणि शेजारच्याचा जीव आपल्या हातात होता. इथे आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे सलत राहतं. यांच्या हाताखाली वर्कशॉपमध्ये दोन शिकाऊ पोरं आली, तेव्हा कुठे हे टिकले.

आणि एक, जे मी फार उशिरा केलं. जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला सरळ, याच शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरात हत्यार असेल तर बाहेर काढा आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. मी विचारलं तेव्हा हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तू विचारशील याची वाट बघत होतो."