चंद्र चोरणारा सैतान आणि तुमची नाताळकथा

सप्रेम नमस्कार.

तुमची नाताळकथा लक्षपूर्वक वाचली. कल्पना चांगली आहे आणि संवादही ओघवते आहेत. हसू मात्र फारसे आले नाही. याचा दोष तुमच्या विनोदबुद्धीकडे जात नाही. कथेतली माणसे नको तितकी चकित होतात, हे त्याचे कारण आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जादूचा बुटका आत येतो आणि पुढचे दीड पान सगळे घर डोळे चोळते, किंचाळते, एकमेकांना चिमटे काढते. अद्भुतकथा म्हणूनच हाती घेतलेल्या वाचकाला बुटका येणार हे ठाऊकच असते; तो आल्यावर घरात कोणती पंचाईत होते, हे त्याला हवे असते.

या दृष्टीने रशियन भाषेत लिहिणाऱ्या निकोलाय गोगोलची नाताळच्या आदल्या रात्रीची कथा जरूर वाचा. ती 1832 साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा गोगोल जेमतेम बाविशी-तेविशीचा, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचा होता. कथा युक्रेनमधल्या दिकांका गावची आहे. वकुला नावाच्या लोहाराने चर्चच्या भिंतीवर सैतानाची फजिती चितारली, म्हणून चिडलेला सैतान आकाशातला चंद्रच चोरतो. अंधार झाला की चूब हा गावकरी घराबाहेर पडणार नाही, आणि बाप घरात बसला की लोहाराला त्याच्या मुलीची, ओक्सानाची, भेट घेता येणार नाही, असा त्याचा हिशेब. चोरी केवढी आणि हेतू केवढा! शिवाय चंद्र हाताला चटके देतो, म्हणून सैतान तो या हातातून त्या हातात झेलत बोटांवर फुंकर घालतो. चूब अंधारातही घराबाहेर पडतोच, हे वेगळे सांगायला नको.

पण शिकण्यासारखा खरा प्रसंग पुढे येतो. सैतानाचा ठावठिकाणा विचारायला वकुला पात्स्यूक नावाच्या मांत्रिक समजल्या जाणाऱ्या कोसॅककडे, म्हणजे तिथल्या लढवय्या जमातीतल्या माणसाकडे, जातो. पात्स्यूक नुसते तोंड उघडतो आणि उकडलेल्या करंजीसारखे वारेनिकी आपणहून भांड्यातून उडी मारून आंबट सायीत लोळतात व थेट त्याच्या तोंडात जातात. समोर उभा असलेला लोहार थक्क जरूर होतो, पण त्याला खरा घोर लागतो तो आज उपास असल्याचा. नाताळच्या आदल्या दिवशी दुधातुपाचे खायचे नसते, आणि एक वारेनिकी त्याच्याही तोंडाशी येऊन ओठांना साय फासतो! विनोद इथे आहे. चमत्कार बिनबोभाट खपतो आणि सणाचा नियम मोडल्याची धास्ती मात्र खरी असते. तुमच्या कथेतल्या आजीने बुटक्याला पाहून किंचाळण्याऐवजी त्याने चिखलाचे बूट दाराबाहेर काढले की नाही, हे आधी पाहिले असते, तर ते दीड पान दोन ओळींत आटोपले असते.

नाताळ ही नुसती सजावट नसून तिच्यातूनच कथेला मुदत मिळते, हेही ध्यानात घ्या. गोगोलच्या सैतानाला मोकळे फिरायला ही एकच रात्र उरलेली आहे. सकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की त्याला शेपूट घालून पळावेच लागणार. तुमची कथा मात्र मार्चमध्येही तशीच घडली असती.

पात्रांची खोडी जितकी क्षुल्लक, तितकी ती लक्षात राहते. आइसलँडच्या लोककथांमधले तेरा नाताळबंधू 12 डिसेंबरपासून रोज एक असे डोंगरावरून उतरतात. त्यांच्यातला एक चमचे चाटतो, एक दारे आपटतो, एक सॉसेज पळवतो. त्यांच्याकडचे मांजर नवे कपडे न मिळालेल्या माणसाला खाऊन टाकते, त्यामुळे एरवी नको असलेल्या मोज्यांनाही तिथे किंमत येते.

बर्फ, धुराडे आणि रेनडिअर तुम्ही दुसऱ्यांच्या कथांतून उचललेले दिसतात. तुमचे आजोळ वसईचे आहे. मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघालेल्या घरातली घाई, गव्हाणीतल्या मेंढ्यांवरून होणारी भावंडांची भांडणे आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला फराळ तुम्हांला आतून माहीत आहे. सैतानाला तिथे पाठवा. पण त्याने नेमके काय चोरावे आणि कुणाची खोड मोडण्यासाठी, हे आधी ठरवा. नवा खर्डा आठ पानांच्या आत बसवा आणि शेवटी सगळे स्वप्न होते असे निघणार असेल, तर तो पाठवू नका.

आपला,
एक ज्येष्ठ कथामित्र