पंधरा दिवसांत जपानला जायचंय. नमस्कार-चमत्काराची आणि नम्रतेची जपानी वाक्यं कोणत्या ॲपवरून पाठ करू?

ॲपचं मला विचारू नका, मी एकही वापरलेलं नाही. उत्तर लिहायला बसले ते तुम्ही प्रश्नाखाली टाकलेल्या ओळीमुळे : 'व्याकरण नंतर बघू, ही वरवरची वाक्यं एका दुपारी होतील ना?' हे 'वरवरची' मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी अनोळखी माणूस बोलला तरी डोकं फिरतं.

ओहायो गोझाइमास (सुप्रभात), कोन्निचिवा (नमस्कार), अरिगातो गोझाइमास (धन्यवाद), सुमिमासेन (माफ करा) हे तुम्हाला येत असणारच. नसेल येत तर ते खरंच एका दुपारचं काम आहे. शेवटचा 'उ' गिळायचा, 'देसु-मासु' म्हणत बसायचं नाही, 'देस', 'मास'. झालं. पण कुठल्या दारात, कुणाला, आधी कुणी आणि किती मोठ्याने बोलायचं हे दुपारी होत नाही. मला ते एका कोनबिनीच्या गल्ल्यावर उभं राहून आलं.

मी सांगलीची. तोक्योत भाषाशाळेत शिकायला आले तेव्हा फी आणि खोलीभाडं भागवायला पार्टटाइम करावंच लागलं. विद्यार्थ्यांना परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. कोनबिनी म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरचं रात्रंदिवस उघडं दुकान, तिथे शक्यतो लगेच काम मिळतं. आमच्या तेंचो, म्हणजे दुकानाच्या मॅनेजरीणबाई, पन्नाशीच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला मशीनला हातच लावू दिला नाही. मागच्या खोलीत, शीतपेयांच्या खोक्यांमध्ये उभं करून मोठ्याने वाक्यं म्हणायला लावली. इराश्शाइमासे (या, स्वागत आहे). काशिकोमारिमाशिता (जी, समजलं). शोशो ओमाची कुदासाइ (जरा थांबा). ओमातासे इताशिमाशिता (थांबायला लावलं, माफ करा). ओसोरेइरिमास (तसदीबद्दल माफी). मोशिवाके गोझाइमासेन (मनापासून माफी मागते). अरिगातो गोझाइमास. ही सात वाक्यं थोड्याफार फरकाने जपानमधल्या बहुतेक दुकानांत, हॉटेलांत नव्या माणसाकडून घोकून घेतात.

मला वाटलं, एवढंच? मग खरी शिकवणी सुरू झाली. दार उघडल्याचा आवाज आला की तुम्ही खाली बसून फळीवर ओनिगिरी (भाताचे गोळे) लावत असलात तरी 'इराश्शाइमासे' गेलंच पाहिजे, आणि हात थांबता कामा नये. बेंतो (तयार जेवणाचा डबा) गरम करायला ठेवताना 'शोशो ओमाची कुदासाइ', काढून देताना 'ओमातासे इताशिमाशिता', मग गिऱ्हाईक मोबाइल बघण्यात गुंग असलं आणि त्याला वाट बघितल्याचं कळलंही नसलं तरी. मोशिवाके गोझाइमासेन म्हणताना बोलणं आधी संपवायचं, मग कमरेतून वाकायचं. मी दोन्ही एकदम करायचे, तेंचोबाई परत करायला लावायच्या. आणि संध्याकाळी पाचला ड्यूटीवर आलात तरी सहकाऱ्यांना 'ओहायो गोझाइमास'च म्हणायचं. सकाळचं अभिवादन म्हणून पाठ केलं असेल तर इथे बुचकळ्यात पडाल. दुकानं, खानावळी, टीव्हीवाले यांच्यात कामाची सुरुवात होते ती सकाळ. 'कोन्निचिवा' तर सहकाऱ्याला कुणी म्हणतच नाही. ऑफिसात दिवसभर एकमेकांसमोरून जाताना 'ओत्सुकारेसामा देस' (दमलात, कष्टांबद्दल आभार) चालतं.

आता दादा. माझा मामेभाऊ. पुण्यात शिकला, जपानीच्या परीक्षेची एन-टू (वरून दुसरी) पातळी पास झालाय, चाकणच्या एका कंपनीत दुभाष्या आहे. त्याची कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी आजही म्हणते. पण घरच्या एका लग्नात पंगतीत कुणीतरी विचारलं, 'ही तिकडे काय करते?' तर हा म्हणाला, 'काही नाही, दुकानात उभी राहून या-बसा म्हणते. पोपटपंची!' सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी वाढपी होते, हातात मठ्ठ्याचं भांडं होतं, नाहीतर तिथेच बोलले असते.

पुढे कंपनीच्या कामाने तो तोक्योला आला. पहिलीच वेळ. रविवारी भेटलो, त्याला भूक लागली होती, तर स्टेशनजवळच्या कोनबिनीत शिरलो. माझ्या नव्हे, दुसऱ्याच. मी मुद्दाम मागे राहिले. गल्ल्यावर पोरगा होता, छातीवरच्या पट्टीवरून नेपाळी वाटत होता. त्याने बेंतो उचलला आणि नेहमीची गाडी सोडली : ओबेंतो आतातामेमास का (डबा गरम करू का)? दादा म्हणाला, 'हाइ' (हो). फुकुरो गोरियो देस का (पिशवी हवी का)? 'हाइ.' ओहाशि ओत्सुके शिमास का (चॉपस्टिक देऊ का)? 'हाइ.' पोइंतो कादो ओमोची देस का (पॉइंट कार्ड आहे का)? 'हाइ!' पोरगा कार्डासाठी थांबला. दादाही थांबला. पोराने हात जरा पुढे केला तसा दादाने खिशातून रेल्वेचं सुइका कार्ड काढून दिलं. पोराला वाटलं याच्यातूनच पैसे द्यायचे आहेत, त्याने विचारलं, सुइका दे योरोशिइ देस का (सुइकावरून चालेल का)? 'हाइ.' मशीन कोकललं, शिल्लक अपुरी. मागे ऑफिसचे कपडे घातलेली माणसं, कुणी काही बोलत नव्हतं, आणि ते न बोलणंच दादाला जास्त लागत होतं. शेवटी मीच पुढे झाले : सुमिमासेन, कादो वा नाइ देस. गेनकिन दे ओनेगाइ शिमास (माफ करा, कार्ड नाही, रोख देते). रोख पैसे ट्रेमध्ये ठेवले, सुटलो. पिशवीचे पैसे पडले ते वेगळेच. 2020 च्या जुलैपासून प्लास्टिकची पिशवी फुकट मिळत नाही, म्हणून तर तो प्रश्न विचारतात.

बाहेर आल्यावर दादाचं म्हणणं काय, तर 'तो फार भरभर बोलत होता, आणि त्याचे उच्चार जपानी नव्हते.' म्हटलं, अरे, त्याचं जपानी मागच्या चारही माणसांना कळत होतं! एन-टूच्या परीक्षेत तोंड उघडायला कुणी सांगतच नाही. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं पर्याय निवडून. एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत एकाही पातळीला बोलण्याचा पेपर नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लावायला ठीक आहे, बेंतो त्याने गरम होत नाही. तर म्हणाला, 'कोनबिनीचं जपानी म्हणजे काही खरं जपानी नव्हे.' आणि त्याच संध्याकाळी तक्रार करत होता की इथल्या ऑफिसातले लोक जरा तुटकच वागतात. विचारलं, संध्याकाळी निघताना काय म्हणतोस? 'काही नाही. सगळे कामात असतात, कशाला डिस्टर्ब करायचं?' घ्या. 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास' (तुमच्याआधी निघतो, माफ करा) त्याला लिहिता येतं, कांजीसकट. म्हणत मात्र नव्हता.

तर तुमच्यासाठी. वाक्यं सुटी पाठ करू नका, जोडीने करा, प्रश्न आणि त्याचं उत्तर. तुम्ही गिऱ्हाईक असणार, म्हणून तुमची बाजू सोपी आहे. हवं असेल तर 'हाइ, ओनेगाइ शिमास' (हो, कृपया). नको असेल तर 'दाइजोबु देस' (ठीक आहे, राहू दे), सोबत हात किंचित हलवा, म्हणजे तो नकार आहे हे समोरच्याला नक्की कळतं. या दोनांवर निम्मा प्रवास निघतो. इराश्शाइमासेला उत्तर द्यायचं नसतं, मान हलवलीत तरी पुष्कळ. वेटरला बोलवायला, गर्दीतून वाट काढायला, कुणी दार धरलं तर आभार मानायला, सगळीकडे 'सुमिमासेन'. जेवून निघताना गल्ल्यापाशी 'गोचिसोसामा देशिता' (जेवणाबद्दल आभार) म्हणा, स्वयंपाकघरातून आवाज येईल. 'सायोनारा' बॅगेतच राहू द्या, मोठी माणसं ते रोज उठून म्हणत नाहीत.

नोकरीसाठी जात असाल तर, तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारायला हवं होतं, आणखी दोन गोष्टी. साहेबाला 'गोकुरोसामा' (कष्ट घेतलेस, शाबास) म्हणू नका, ते वरच्याने खालच्याला म्हणायचं असतं. आणि बाहेरच्या माणसाचा फोन आला तर स्वतःच्या साहेबांच्या नावामागे मानाचं 'सान' लावायचं नाही, नुसतं आडनाव. आपल्या जिभेला हे जड जातं, साहेबांचा एकेरी उल्लेख केल्यासारखं वाटतं. पण बाहेरच्यापुढे आपली सगळीच माणसं खाली, साहेबासकट, हा तिथला हिशेब आहे.

हेही सांगते, नाहीतर कुणीतरी जाणकार खाली येऊन सांगेलच. कोनबिनीच्या भाषेला खुद्द जपानी लोकही नाकं मुरडतात. 'योरोशिकात्ता देशो का' (बरोबर होतं ना) किंवा पैसे घेताना 'सेन-एन कारा ओआझुकारी शिमास' (हजार येनपासून घेते) ही पार्टटाइमवाल्या पोरांची वळणं बऱ्याच वयस्कर मंडळींना खटकतात, आणि मलाही ऑफिसात लागल्यावर ती सोडावी लागली. तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर. ओसाकाकडे जात असाल तर तिथे 'ओओकिनी' (तिकडच्या बोलीतलं धन्यवाद) कानावर पडेल, पण तुम्ही आपलं अरिगातोच म्हणा, परक्याने बोली मारली की ती नक्कल वाटते. आणि आठवडाभर फिरायला जाणाऱ्याला कुणी चुकांवरून धरत नाही, त्यामुळे माझं वाचून घाबरू नका. व्याकरण मात्र 'नंतर' म्हणजे विमानातून उतरल्यावर नव्हे. आल्यागेल्याला वाक्य म्हणता आलं की लोक पुढे बोलायला लागतात, आणि तिथे क्रियापदं लागतात.

दादा, तू या साइटवर असतोस, मला माहीत आहे. पुढच्या लग्नात कुणी विचारलं ना, तर सुइकाची गोष्ट मी सांगणार आहे, आणि पंगत बसल्यावरच सांगणार आहे.