पूर एकच, मग निष्कर्ष दोन का?

प्रश्न : २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा मदतीला झालेल्या दिरंगाईबद्दल तेथील कृष्णवर्णीयांची आणि गोऱ्यांची मते अगदी परस्परविरुद्ध होती, असे वाचनात आले. सर्वांनी दूरचित्रवाणीवर तीच दृश्ये पाहिली असताना असे का व्हावे? शिवाय शहराचे महापौर स्वतः कृष्णवर्णीय होते. मग वर्णाचा प्रश्न येतोच कुठे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे. प्यू संशोधन केंद्राने त्याच सप्टेंबरमध्ये केलेल्या पाहणीत ६६ टक्के कृष्णवर्णीयांनी सांगितले, की आपद्ग्रस्तांत गोरे बहुसंख्य असते तर सरकार लवकर हलले असते. उलट ७७ टक्के गोऱ्यांच्या मते त्याने काहीच फरक पडला नसता. गोऱ्यांना कळवळा नव्हता, असा याचा अर्थ मी लावणार नाही. त्यांनीही सढळ हाताने मदत केली, आणि लेकव्ह्यू ही त्यांची वस्तीही बुडालीच होती. अंतर होते ते सरकारवरील भरवशात, आणि भरवसा पिढ्यांच्या अनुभवातून येतो किंवा उडतो.

१९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात न्यू ऑर्लिन्स वाचावे म्हणून शहराच्या खालच्या अंगाचा बांध सरकारी संमतीने सुरुंग लावून फोडण्यात आला, आणि बुडालेल्या भागातील बहुतेकांच्या हाती कबूल केलेली भरपाई पडलीच नाही. १९६५ मध्ये बेट्सी वादळात लोअर नाइन्थ वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची वस्ती पाण्याखाली गेली, तेव्हा बांध मुद्दाम फोडला असे तेथील अनेकांनी मानले, आणि कॅटरिनात तोच वॉर्ड बुडाल्यावर ती शंका पुन्हा उठली. प्रत्यक्षात या खेपेस कोणी काही फोडले नव्हते. लष्कराच्या अभियंता विभागाने बांधलेल्या कालव्याच्या भिंती सदोष आराखड्यामुळे कोसळल्या होत्या. तरीही ज्यांच्या मनात ही शंका आली त्यांना वेड्यात काढणे अन्यायाचे होईल, कारण असे पूर्वी खरोखरच घडले होते.

महापौर रे नेगिन यांच्यावरही लोकांचा रोष होता. शहर सोडण्याची सक्ती त्यांनी केली ती वादळाच्या आदल्या दिवशी, २८ ऑगस्टला. पण ज्यांच्याकडे मोटार नव्हती त्यांना बाहेर नेण्याची पुरेशी सोयच नव्हती, आणि शाळांच्या बसगाड्या पुढे जागच्या जागी पाण्यात बुडाल्या. मोटार नसलेल्यांत गरीब कृष्णवर्णीयांचाच भरणा होता; महापौर कोणत्या वर्णाचे, याने त्यात काय बदलणार? त्यातून जे पायी निघाले त्यांना पलीकडच्या ग्रेटना या गोऱ्या बहुसंख्येच्या गावातील पोलिसांनी पुलावरच अडवले आणि डोक्यावरून गोळ्या झाडून माघारी पिटाळले.

४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर शहराच्या पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयांवर गोळीबार करून दोघांना ठार केले आणि नंतर ते प्रकरण दडपले. पाहणीत उत्तरे देणाऱ्यांना हे तपशील ठाऊक असणे शक्यच नव्हते. पाच माजी पोलिसांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, तो २०१६ मध्ये.