एकाच स्पीडला गाडी मागेपुढे का ओढते?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल गिअरची. टॉप गिअरमध्ये ७०-८० च्या स्पीडला पाय एकदम स्थिर ठेवला तरी गाडी मधेच ताकद सोडते, लगेच परत ओढते, असं चालूच राहतं. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मात्र मस्त पळते. प्लग आणि एअर फिल्टर नवीन टाकून झाले, चेक इंजिन लाइट लागत नाही. आता मेकॅनिक फ्युएल पंप बदला म्हणतोय. बदलू का?

उत्तर : थांबा, पंपाला एवढ्यात हात लावू नका. पंप किंवा पेट्रोलचा फिल्टर कमजोर असता तर फुल लोडवर, चढावर गाडी आधी मेली असती, कारण पेट्रोल सगळ्यात जास्त तिथेच लागतं, आणि तुमची तर तिथेच छान पळतेय. स्थिर स्पीडला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) थोडासाच उघडा असतो आणि इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) धुराच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर बघून मिश्रण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं धरून ठेवतो, त्यात कुठून थोडी जास्तीची हवा शिरली की मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन नीट पेटत नाही, पण तुम्ही जोरात दाबलं की इसीयू पेट्रोल वाढवतो आणि दोष झाकला जातो.

म्हणून आधी स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे इसीयू स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतोय-कमी करतोय तो आकडा, बघायला सांगा, लाइट लागली नसली तरी. एकदा आयडलला (इंजिन चालू, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला) आणि एकदा २५०० आरपीएमला. आयडलला ट्रिम +१० टक्क्यांच्या वर आणि रेस केल्यावर खाली येत असेल तर कुठेतरी व्हॅक्यूम लीक आहे, म्हणजे फटीतून जास्तीची हवा आत शिरतेय, आणि हे व्हॅक्यूमचे पाइप नुसते बघून कळत नाहीत हो, हाताने वाकवले की मग वळणावरची चीर उघडते. उलट आरपीएमबरोबर ट्रिम वाढत गेला तर आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळलाय का ते बघा (त्याच्यासाठीचाच स्प्रे वापरा, तारेला बोट किंवा कापड अजिबात लावायचं नाही), तो स्वच्छ निघाला तरच मग पेट्रोलचं प्रेशर मोजा, आणि तेही गेजने, अंदाजाने नाही.

ट्रिम नॉर्मल आला तर दोन गोष्टी राहतात. एक थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय ते इसीयूला सांगणारा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये पाय रोज जिथे टेकतो तिथलाच पट्टा झिजतो, इंजिन बंद ठेवून, फक्त इग्निशन ऑन करून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबला की स्कॅनरवर आकडा सरळ चढायला पाहिजे, मधे कुठे गचका खाल्ला तर सेन्सर गेला. दुसरं म्हणजे प्लगला स्पार्कसाठी करंट देणारी इग्निशन कॉइल. प्लग नवीन असला तरी काढून बघा, पांढऱ्या पोर्सिलेनवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर स्पार्क तिथून बाहेर पळतोय, मग तो प्लग आणि कॉइलचा रबर बूट दोन्ही बदला.

आणि चालवताना चेक इंजिन लाइट लुकलुकायला लागली तर लगेच पाय हलका करून गाडी बाजूला घ्या, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळून टाकतं आणि तो पार्ट प्लग-कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.