जुन्या जीपचा फ्लोअर घरीच बनवायचाय. हाताचा बीड रोलर (पत्र्यावर लांब उठावाची रेघ, म्हणजे बीड, उमटवणारं मशीन) पुरेल का? की बीड न मारता जाड पत्रा टाकू?

हाताचा पुरतो. १८ गेजपर्यंतचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा त्यावर निघतो, फक्त हँडल मारायला दुसरा माणूस हवा. एकटेच असाल तर पायाच्या पेडलची मोटर घ्या. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं डेंटिंगचं काम आहे. काका जुने डेंटर, हातोडीवर त्यांच्यासारखा हात मी पाहिला नाही. पण बीड म्हणजे नुसती नक्षी, असं त्यांचं ठाम मत. एक महिंद्राची एमएम ५४० जीप आली, फ्लोअर पार कुजलेला. काकांनी १६ गेजचा सपाट पत्रा वेल्ड केला. गाडी वेगात आली की फ्लोअर असा घुमायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मधोमध पाय दिला की टक्कन खाली, उचलला की टक्कन वर. मालक परत आला तेव्हा काका म्हणाले, खालून डांबर मारू. मी ऐकलं नाही. पत्रा कापून काढला, १८ गेजचा, म्हणजे त्याहून पातळ, घेतला, अर्ध्या इंची बीड मारल्या आणि बसवला. चौरस मीटरमागे तीन किलो वजन कमी झालं, वर दोघं उभे राहिले तरी आवाज नाही. कंपन्या फ्लोअरला बीड मारतात त्या शोभेसाठी नव्हे. पत्र्याला खोली मिळाली की तो वाकत नाही, हे काका आजही मान्य करत नाहीत.

मार्करने रेघ मारा, बीड कुठे थांबणार तिथे खूण करा. पहिल्या फेरीत नुसता ठसा उमटू दे, मग दर फेरीला वरचा स्क्रू पाव आटा आवळा. एकदम दाबलंत की आजूबाजूचा पत्रा खेचला जातो आणि सगळा तुकडा पिळवटतो. बीड पत्रा खाते, म्हणून तुकडा मापापेक्षा मोठा कापा. कडा छाटणं आणि दुमडणं शेवटी. स्वस्त मशीनची फ्रेम दाबाखाली उघडते आणि बीड कुठे खोल, कुठे उथळ पडते. आधी फ्रेमला अँगल वेल्ड करून घ्या.

तेव्हा जाड सपाट पत्रा कोणी कितीही अनुभवी माणसाने सुचवला तरी टाकू नका. फक्त सीट आणि बेल्टच्या बोल्टखाली बीडचा उपयोग नाही, तिथे खालून ३ मिमीची प्लेट लागतेच.