नमुना 8 आहे, तरी तिप्पट मिळकतकर?

प्रश्न : नऱ्हे येथे दोन गुंठ्यांवर 2012 मध्ये 850 चौरस फुटांचे घर बांधले. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नोंद आहे, 2021-22 ची घरपट्टीही भरली होती. गाव पुणे महापालिकेत गेल्यावर तिप्पट कराचे बिल आले आहे. काय करावे?

उत्तर : आधी एक कटू गोष्ट. नमुना 8 म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद. ती बांधकाम परवानगी नव्हे. ‘पंचायतीने इतकी वर्षे कर घेतला, म्हणजे घर अधिकृत’ हा युक्तिवाद टिकत नाही. जागा गावठाणात असेल, तर पंचायतीची लेखी परवानगी शोधा. ती सापडली तर शास्तीचा, म्हणजे बेकायदा बांधकामावरच्या दंडाचा, पायाच जातो. गावठाणाबाहेर मात्र परवानगीचा अधिकार पंचायतीचा नव्हता. पंचायतीचे दप्तर महापालिकेकडे वर्ग झाले आहे. त्यामुळे क्षेत्रीय कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज करून साक्षांकित प्रती मागा. जागा गावठाणाच्या हद्दीत येते का, हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या नकाशावरून ठरेल.

तिप्पट कर म्हणजे मूळ कर आणि वर दुप्पट शास्ती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267अ खाली ती 4 जानेवारी 2008 किंवा त्यानंतरच्या बेकायदा बांधकामांना लागते. 2012 चे घर त्या कक्षेत येते, म्हणून तारखेवर भांडण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी निवासी घरांना राज्य सरकारने वेळोवेळी दिलेल्या शास्तीच्या सवलती आणि समाविष्ट गावांबाबतचे आदेश तुमच्या बिलाला लावले का, हे लेखी विचारा. शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच कलमात आहे.

तुमची खरी बाजू मूळ कराच्या हिशेबात आहे. नऱ्हे 30 जून 2021 च्या अधिसूचनेने महापालिकेत आले. समाविष्ट भागाला पालिकेचा पूर्ण दर पहिल्या दिवसापासून लागत नाही. कलम 129अ मुळे तो टप्प्याटप्प्याने, 20 टक्क्यांच्या पायऱ्यांनी चढतो. तेव्हा वर्षवार तक्ता मागा. थकबाकीचा एकच ठोक आकडा असेल, तर बहुधा इथेच चूक निघते. 2021-22 ची पावती जोडून जुलै ते मार्च या काळाची दुहेरी आकारणी वजा करायला सांगा. घरात स्वतः राहत असाल, तर 40 टक्के सवलतीचा पीटी-3 अर्ज पुराव्यांसह वेगळा द्या.

हरकत नोटिशीवर छापलेल्या मुदतीतच करसंकलन विभागात द्या, आवक क्रमांक घ्या आणि सुनावणी मागा. तोंडी तक्रारीला कायद्यात किंमत नाही. निर्णय विरोधात गेला, तर कलम 406 खाली दिवाणी न्यायालयात अपिलाला फक्त 15 दिवस मिळतात आणि वादग्रस्त कर आधी जमा करावा लागतो. लोक अडकतात ते इथेच : पैसे नाहीत म्हणून थांबतात आणि मुदत जाते. मधल्या काळात काही भरलेच, तर ‘हरकत राखून भरणा’ असे पत्र सोबत द्या.

शास्ती कायमची थांबवायची तर बांधकाम नियमित करणे हाच मार्ग. गुंठ्यांनी विकलेल्या जागांवरची विनापरवाना घरे नियमित करणाऱ्या गुंठेवारी कायद्याची मुदतरेषा 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 झाली, त्यामुळे तुमचे घर त्यात बसू शकते. सातबारा, खरेदीखत, 2012 चे वीजबिल आणि परवानाधारक वास्तुविशारदाचा मोजणी नकाशा तयार ठेवा. जागा आरक्षणात किंवा रस्तारुंदीत आहे का, हे मात्र नकाशाचे पैसे देण्यापूर्वी बघून घ्या.